तळमजल्याचं कारण

जिन्याच्या तोंडाशी ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीला रविवारी सकाळी पिवळा कागद चिकटवलेला सापडला. ‘आपत्कालीन मार्गात अडथळा. चोवीस तासांत हलवावा. सुरक्षा अधिकारी.’

घर दोन मजल्यांचं. खाली धाकटा भाऊ राहतो, वर थोरला. आपत्कालीन मार्ग म्हणजे मधल्या बावीस पायऱ्या आणि सुरक्षा अधिकारी म्हणजे धाकटाच. कारखान्यात तो सुरक्षा अधिकारी आहे. घरी तो नवरा, बाप आणि दीर आहे, पण या तिन्ही पदांना शिक्का मिळत नाही, म्हणून घरीही तो शक्यतो सुरक्षा अधिकारीच असतो.

खुर्चीवर थोरला बसला होता. दूध घेऊन आला होता आणि पायऱ्या चढण्याआधी श्वास गोळा करत होता. या कामाला त्याला हल्ली अकरा मिनिटं लागायची. नोटीस त्याच्या खांद्याला लागून फडफडत होती.

"काय लिहिलंय हो?" वरून त्याच्या बायकोने, म्हणजे थोरलीने विचारलं.

"अडथळा," तो म्हणाला. मग थांबला. "मी."

थोरली खाली आली. ती उतरते तेव्हा पायऱ्यांनाही कळतं की काहीतरी होणार आहे. तिने कागद हलक्या हाताने, चिकटपणा शाबूत ठेवून सोडवला आणि धाकट्याच्या दारावरच्या भिंगावर लावला. बेल मात्र दाबली नाही, ती दाबूनच ठेवली.

दार धाकटीने उघडलं. "सकाळी सकाळी आमच्या दाराला काय चिकटवताय?"

"तुमचंच आहे. परत करतेय."

"हे बघा जाऊबाई, दादा रोज आमच्या दारात बसून धापा टाकतात. पाव पाव तास. मला टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो."

"मग तळमजला द्या. तुमचा आवाजही कमी होईल आणि ह्यांचाही."

आतून धाकटा आला. अर्ध्या गालाला साबण होता. "वहिनी, सूचना काढून टाकणं हा गुन्हा आहे."

"कोणत्या कायद्याने?"

"ते मी बघून सांगतो," तो म्हणाला आणि उरलेला गाल करायला आत गेला.

खुर्ची तिथेच राहिली. चोवीस तासांनी तिच्यावर दुसरी नोटीस लागली.

*

हे वैर खुर्चीचं नव्हतं, कारणाचं होतं.

दोघे भाऊ ज्या कारखान्यात जातात तिथे एक काळी पूड बनते. पूड म्हणजे कार्बनच्या नळ्या. एका केसाच्या जाडीत हजारो शेजारी शेजारी झोपतील एवढ्या बारीक. ती बॅटरीत जाते, रंगात जाते, विमानाच्या पंखात जाते, आणि माहितीपत्रकात तिला ‘उद्याचा पदार्थ’ म्हणतात. थोरला एकोणीस वर्षं उद्याचा पदार्थ आज पिंपात भरत होता. पूड इतकी हलकी, की छातीएवढं पिंप काठोकाठ भरलं तरी एका हाताने उचलावं. ओतली तर ती पडत नाही, पडायचा विचार करते.

सुरुवातीला भरणी खात्यात पाळी संपली की ओल्या फडक्याने पुसायचे. फडकं काळं, जमीन काळी, बादली काळी, पुसणारा काळा. कारखान्याच्या स्वच्छता चषकात भरणी खातं दरवर्षी शेवटून दुसरं यायचं. शेवटचं यायचं ते स्वच्छतागृह.

मग धाकटा सुरक्षा अधिकारी झाला. त्याला कारखान्यात चिकटवला होता थोरल्यानेच, जुन्या साहेबांना गळ घालून. ही गोष्ट थोरला वर्षातून दोनदा तरी बोलून दाखवायचा आणि धाकटा दरवेळी नव्याने अपमान करून घ्यायचा. तर धाकट्याने पहिल्याच वर्षी ओलं फडकं बंद केलं आणि हवा आणली. भिंतीतून नळी, नळीला बंदुकीसारखी तोटी, तोटीतून दाबाची हवा. पाळी संपली की एकमेकांच्या डगल्यांवर हवा मारायची, मग यंत्रावर, मग कडेकपारीत, शेवटी जमिनीवर. त्याने अकरा पायऱ्यांचा तक्ता काढून भिंतीवर लावला. तक्त्यातला माणूस हवा मारताना हसत होता.

दोन मिनिटांत खोली आरशासारखी व्हायची. घाण गेली कुठे, हे कोणी विचारलं नाही. दिसत नव्हती, म्हणजे गेली. भरणी खात्याने ओळीने सात वर्षं चषक जिंकला. चषकाबरोबर खात्याला एक दिवस जादा सुट्टी मिळायची, त्यामुळे हवा सगळ्यांना आवडायची.

शिवाय मोजमाप होतं. वर्षातून एकदा धाकटा कोणाच्या तरी कमरेला छोटा पंप बांधायचा. पंप हवा ओढायचा, धूळ गाळणकागदावर बसायची, आणि कागदाचं सकाळचं आणि संध्याकाळचं वजन करायचं. फरक एवढा थोडा निघायचा की तराजूलाच संकोच व्हावा. धाकटा लिहायचा: मर्यादेच्या आत. मर्यादा ठरली होती सिमेंटसाठी, पिठासाठी, कोळशासाठी, म्हणजे ज्या धुळीला स्वतःच्या वजनाची जाणीव असते तिच्यासाठी. या पुडीचे कण मोजायचे तर ते नगावर मोजायला हवे होते. पण धाकट्याच्या अभ्यासक्रमात वजनाचा धडा होता, नगाचा नव्हता.

थोरल्याचा दम दोन वर्षांपूर्वी कमी झाला. कंपनीच्या डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं. "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका." थोरल्याने तीनदा फुंकलं. तिसऱ्यांदा डॉक्टरच दमले.

"जरा कमी आहे. वयोमानाप्रमाणे चालायचंच."

"माझं वय एकोणपन्नास."

"तेच म्हणतोय मी."

कागदावर शिक्का पडला: तंदुरुस्त. खाली दोन सह्या. एक डॉक्टरांची, दुसरी सुरक्षा अधिकाऱ्याची.

थोरली त्याला बाहेरच्या छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी स्कॅन काढला आणि उजेडासमोर धरला. फुफ्फुसात जागोजाग जाळी धरली होती. स्पंज वाळून कडक व्हावा तशी.

"काम काय करता?"

त्याने सांगितलं.

"उंदरांमध्ये असं दिसलंय," त्या म्हणाल्या. "या नळ्या आत जातात, बाहेर येत नाहीत, भोवती सूज येते, सुजेचा व्रण होतो. माणसांचा अभ्यास अजून चालू आहे."

"म्हणजे मी उंदीर," थोरला म्हणाला.

"नाही हो. उंदरांना किती दिलं ते मोजलेलं असतं."

तुमच्या खोलीत हवेत नेमकं किती होतं हे कोणी मोजलेलं नसेल, तर पुडीनेच झालं असं मी खात्रीने लिहू शकत नाही, असंही त्या म्हणाल्या. तोवर दोन गोष्टी बंद: पूड आणि पायऱ्या. पूड बंद करणं थोरल्याच्या हातात नव्हतं. पायऱ्या भावाच्या हातात होत्या.

*

त्याने आधी नीटच मागितलं.

"तू वर जा, मी खाली येतो. खोल्या तेवढ्याच, न्हाणीघरसुद्धा त्याच बाजूला."

"द्यायला माझी ना नाही, दादा. पण कारण काय दाखवायचं?"

"चढवत नाही."

"का चढवत नाही?"

"दम लागतो."

"का लागतो?"

थोरला नुसता बघत राहिला. दम लागलेल्या माणसाला उत्तर न देण्याची सोय असते.

"हेच," धाकटा म्हणाला. "सात वर्षं मी सही करतोय की तू तंदुरुस्त आहेस. उद्या मीच तुला दम लागतो म्हणून खाली आणला, तर लोक म्हणतील, घरी एक आणि कारखान्यात दुसरं?"

"मग कारखान्यातही एकच लिही. खरं ते."

"मुद्दा तो नाहीये, दादा."

"तुझा मुद्दा कधीच तो नसतो," मागून थोरली म्हणाली. "तुला चिकटवला तेव्हाच—"

"काढलं! काढलं परत!" धाकटा ओरडला. "वहिनी, इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या उपकारावर श्वास घेतोय!"

"घेतोयस ना पण?" थोरली म्हणाली. "मग झालं तर."

त्यानंतर घरात बोलणं बंद झालं आणि नोटिसा सुरू झाल्या.

खुर्चीवर चौथी नोटीस लागली त्या दिवशी धाकट्याने तोडगा आणला. टाइप केलेला. ‘माझे दोन्ही गुडघे दुखत असल्याने मला जिना चढणे शक्य होत नाही, तरी मला तळमजला मिळावा.’ खाली थोरल्याच्या सहीसाठी टिंबांची ओळ.

"गुडघे हा वैयक्तिक भाग आहे," धाकट्याने समजावलं. "गुडघ्यात पूड जात नाही. सही कर, रविवारी सामान हलवू."

कागद वर गेला. थोरलीने तो दोनदा वाचला.

"करा सही," ती म्हणाली. "दोन दिलेत, दोन्ही धडधाकट आहेत. जरा बदनाम झाले तर काय बिघडतं?"

"गुडघे चांगलेत माझे."

"म्हणून तर म्हणतेय. सहन करतील."

"तसं नाही." तो पलंगाच्या कडेला बसला आणि वाक्य तीन हप्त्यांत पुरं केलं. "हा कागद... माझ्या सहीचा राहील. उद्या छातीचं काही विचारलं... तर हाच काढून दाखवतील. म्हणतील, याचं दुखणं पायात होतं."

"आणि उद्यापर्यंत वर कसे चढणार?"

"जसा आज चढलो."

"आज मध्ये दोनदा बसलात. मी मोजते, तुम्हाला वाटतं मी भाजी निवडते." तिने कागदाची घडी घातली. "तळमजला मेल्यावर नकोय मला. तेव्हा चार जण उतरवतात खाली. सोपं असतं."

थोरल्याने तिच्या हातून कागद घेतला. पण सही केली नाही.

*

भरणी खात्यात दाराशेजारी दोरीला एक लाल वही टांगलेली आहे. तक्रारवही. धाकट्याच्या कारकिर्दीतली ही सर्वांत देखणी गोष्ट. प्रत्येक पानावर छापील क्रमांक, प्रत्येक पानाच्या तीन प्रती, शिवण अशी की पान फाडलं तर साऱ्या वहीने बोंब मारावी. तीन रकाने: तक्रार, कारण, उपाय. कारण शोधताना अधिकाऱ्याने जागेवर जाऊन स्वतः मोजमाप वाचावं, असं खाली बारीक अक्षरात छापलेलं. आणि तिन्ही रकाने भरून साहेबांची सही झाल्याशिवाय तक्रार बंद होत नाही. सात वर्षांत वहीत एकही अक्षर पडलं नव्हतं. चषकाच्या गुणांत कोऱ्या वहीचे तीस गुण होते.

सोमवारी थोरल्याने वहीशेजारचं पेन उचललं. शाई कधीच वाळली होती. त्याने खिशातलं काढलं.

तक्रार: ‘भरणी खात्यातल्या पुडीने माझी फुफ्फुसं खराब झाली.’ उपाय: ‘तळमजला.’ मधला रकाना त्याने अधिकाऱ्यासाठी मोकळा सोडला.

खात्यातले चौघे गोळा झाले.

"दादा, हे काय केलंत?"

"वाचता येतं ना?"

"आमची सुट्टी गेली की!"

"तू पण फुंकून बघ एकदा नळीत," थोरला म्हणाला. "मग सुट्टीच सुट्टी."

त्या दिवशी पाळी संपल्यावर त्याच्या डगल्यावर कोणी हवा मारली नाही. एकोणीस वर्षांत ही त्याच्यावर झालेली सर्वांत मोठी कृपा होती, पण करणाऱ्यांना तो बहिष्कार वाटत होता.

दुपारीच साहेबांनी दोघा भावांना बोलावलं. गुरुवारी मोठे खरेदीदार येणार होते आणि ते वह्या तपासतात अशी ख्याती होती. साहेबांसमोर लाल वही उघडी होती.

"हा कुठला तळमजला?"

"आमच्या घराचा, साहेब," थोरला म्हणाला.

"कंपनीचा नाही?"

"वडिलांचा."

"मग कंपनीच्या वहीत कशाला?"

"फुफ्फुसं कंपनीत गेली."

साहेबांनी धाकट्याकडे पाहिलं. "पान फाड."

"फाटत नाही, साहेब. क्रमांक आहेत. तीन प्रती. मीच तशी करून घेतली."

"का?"

"कोणी फाडू नये म्हणून."

साहेब बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. माणूस मूर्ख आहे की कार्यक्षम, हे ठरवायला त्यांना नेहमीच वेळ लागायचा.

"मग बंद कर. देऊन टाक तळमजला आणि कर बंद."

"उपाय लिहितो, साहेब. पण कारण? तो रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"मोज आणि लिही. मर्यादेच्या आत."

"मोजा," थोरला म्हणाला. "पण वजन नको. नग मोजा. छातीच्या डॉक्टरीणबाईंच्या ओळखीची प्रयोगशाळा आहे. त्यांच्याकडे यंत्र आहे. मी विचारून ठेवलंय."

"काय मोजायचं ते मोजा रे," साहेब म्हणाले. "बुधवारी संध्याकाळी मला या पानावर सही करायचीय. भाऊबंदकी घरी करा."

*

बुधवारी मोजणीवाली आली. चाकांची पेटी ओढत आणि गळ्यात एक भलामोठा मास्क लटकवून. सगळा चेहरा झाकणारा, दोन्ही गालांना दोन डबे. भरणी खात्याने असा मास्क पाहिला नव्हता. त्यांच्याकडे फडक्याचे पातळ मास्क होते, तेही पाहुणे आले की पाकिटातून निघायचे.

"रोज करता तसंच करा," ती म्हणाली. "पूड भरा, मग साफसफाई. साफसफाई कशी करता?"

"हवा मारतो."

"काय मारता?"

कोणीतरी तक्त्याकडे बोट दाखवलं. तिने अकराच्या अकरा पायऱ्या वाचल्या. हसणाऱ्या माणसापाशी जरा जास्त थांबली.

"हे कोणी काढलंय?"

सगळे गप्प. तक्त्याच्या कोपऱ्यात धाकट्याची सही होती, ती मात्र गप्प नव्हती.

मोजणीवालीने पेटीतून दुसरा मास्क काढून थोरल्याच्या हातात दिला. "हवा तुम्हीच मारा. अधिकारी कोण? तुम्ही? चला आत. वहीत लिहिलंय, आकडा तुम्ही स्वतः वाचायचा."

"मला मास्क?" धाकट्याने विचारलं.

"दोनच आणलेत."

"मग त्याचा मला द्या ना. तो काय, रोज तसाच जातो आत."

बोलून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं. खात्यातल्या चौघांनाही आलं. एक जण खोकला, आणि खोकल्यावर दचकून तोंडावर हात ठेवून उभा राहिला.

मोजणीवालीने थोरल्याला मास्क बांधून दिला आणि पट्टे ओढले. एकोणीस वर्षांनी मिळालेल्या मास्कमधून त्याला श्वास ओढवेना. दर श्वासाला तीन पायऱ्या चढल्यासारखं होत होतं. तरी त्याने तो काढला नाही. भाऊ बघत होता.

"मी काचेतून बघतो," धाकटा म्हणाला.

दोघं आत गेली. दार लागलं. थोरल्याने एक पिंप भरलं. यंत्रावर आकडे चढले, थोडे. मग त्याने नळी घेतली आणि हवा मारली. आधी डगल्यावर, मग यंत्रावर, कडेकपारीत, जमिनीवर, तक्त्याप्रमाणे. खोली दोन मिनिटांत लख्ख झाली आणि यंत्र वाजायला लागलं. मोजणीवालीने पडद्याकडे पाहिलं, मग पेटीवर टिचकी मारून पाहिली, मग परत पडद्याकडे.

पडद्याची पाठ काचेकडे होती.

धाकट्याने काच ठोठावली. बोटांनी विचारलं: किती?

थोरल्याने हाताने खूण केली: आत ये.

धाकट्याने मान हलवली. थोरल्याने पुन्हा बोलावलं. धाकट्याने मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, म्हणजे जणू वेळ नव्हता. मग खिशातला एक कागद काढून त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आकडा लिहून दाखव’ आणि काचेला लावला.

थोरल्याने तो वाचला आणि नळी खुंटीला अडकवली. मग भिंतीला पाठ टेकून खाली बसला. यंत्र वाजत राहिलं. काचेपलीकडे सुरक्षा अधिकारी दाराच्या मुठीवर हात ठेवून उभा होता. मूठ फिरत नव्हती. कुलूप नव्हतं.

अधिकृत अहवाल तीन आठवड्यांनी येईल आणि थेट साहेबांच्या नावे येईल, असं सांगून मोजणीवाली पेटी ओढत निघून गेली. वहीचं पान टेबलावर होतं, मधला रकाना अजून कोरा.

"‘मोजणी झाली’ एवढंच लिहितो," धाकटा म्हणाला.

"ते कारण नाही."

"मग काय लिहू? मी आकडा पाहिलेला नाही!"

"तेच लिहितो," थोरला म्हणाला. त्याने पेन घेतलं आणि सावकाश, एकेक शब्दाला श्वास देत लिहिलं: ‘मोजणीच्या वेळी सुरक्षा अधिकारी खोलीत यायला तयार नव्हते.’

"दादा, हे मी जाऊ देणार नाही."

"फाड की मग."

धाकट्याचे कान लाल झाले. तेवढ्यात साहेब आले, भरलेले तीन रकाने पाहिले आणि जिथे सही करायची असते तिथे केली. साहेब भरलेला मजकूर वाचत नाहीत, फक्त रिकामा मजकूर वाचतात. उपायाच्या रकान्यात थोरल्याच्या ‘तळमजला’पुढे धाकट्याला लिहावं लागलं: ‘देण्यात येत आहे.’

खरेदीदारांनी गुरुवारी वही चाळली. सात वर्षांत एकच तक्रार, तीही तीन दिवसांत बंद, हे पाहून ते फार खूश झाले. चषक त्या वर्षी गोदामाला गेला. नळीवर ‘वापरू नये’ अशी पाटी लागली आणि पाटीसकट ती आठवडाभर वापरली गेली. मग कोणाला काय वाटलं कोण जाणे, खात्यातल्याच एकाने ती कापली आणि दुसऱ्या दिवशी घरून ओलं फडकं आणलं. थोरल्याला फाटकावर पाहुण्यांची नोंद करायला बसवलं. तिथे हवा बरी होती, पण घ्यायला छाती लागते.

*

रविवारी सामान हललं. दोन्ही जावा जिन्यात समोरासमोर आल्या की एकीने थांबायचं आणि दुसरीने न बघता जायचं, एवढा करार न बोलता झाला होता. धाकटीने पडदे काढले, पडद्यांच्या दांड्या काढल्या, दांड्यांचे खिळेसुद्धा उपटले.

"दिवे पण नेलेत का?" थोरलीने अंधाऱ्या न्हाणीघरातून विचारलं.

"आमचेच होते."

"भिंती ठेवल्यात, उपकार झाले."

कपाट, गादी, टीव्ही असं सगळं धाकट्याने बावीस पायऱ्या वर नेलं आणि थोरल्याचं खाली आणलं. थोरला दारात उभा राहून बघत होता. त्याला कोणी हात लाव म्हटलं नाही. या घरात त्याचा दम प्रथमच दोन्ही मजल्यांनी मान्य केला होता.

चार वाजता जिना रिकामा झाला. धाकटा वर जायला निघाला, तिसऱ्या पायरीवरून परत आला आणि भावाच्या दाराशी उभा राहिला.

"दादा. आकडा किती होता?"

"अहवाल येईल की."

"तो साहेबांकडे जाईल. मला दाखवणार नाहीत ते."

"मग तुझी वही निर्दोष राहील."

"वहीसाठी नाही विचारत." त्याने घाम पुसला. "चषकाचे फोटो दरवर्षी मी त्याच खोलीत काढलेत. आणि पहिल्या वर्षी, तुम्हा सगळ्यांना शिकवायला, पंधरा दिवस मी स्वतः हवा मारून दाखवत होतो."

"माहितीये. समोर मीच उभा असायचो. तू माझ्या डगल्यावर मारून दाखवायचास."

धाकट्याकडे यावर बोलण्यासारखं होतं, पण ते सात वर्षं उशिराचं होतं.

"किती होता, दादा?"

थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं. सांगावं की न सांगावं याचा त्याने विचार केला, आणि जास्त लागेल कशाने, याचाही केला.

"यंत्राचे आकडे संपले," तो म्हणाला. "पुढे ते नुसतं वाजत राहिलं."

"आणि हवा मारायच्या आधी?"

"आधी बराच कमी होता. मारल्यावर चढला."

धाकट्याने जिन्याचा कठडा धरला. "आम्ही फोटो हवा मारल्यावरच काढायचो," तो हळूच म्हणाला. "खोली चकचकीत दिसते म्हणून. लगेच."

"हो. लगेच," थोरला म्हणाला.

"दाराचं झालं का तुमचं?" आतून थोरली ओरडली. "वारं येतंय."

थोरल्याने दार लावून घेतलं. पलीकडे बराच वेळ एकही पायरी वाजली नाही.